तीन वर्षांचे रविवार

कागद-पेन घ्या. मोबाइल बाजूला ठेवा, साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर या गुणाकाराचं उत्तर तसंही मावणार नाही. खालच्या दोन संख्यांचा गुणाकार शाळेत शिकवला तसा, आडव्या ओळी मांडून करायचा आहे:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

मला सत्तावीस मिनिटं लागली. एका ओळीत हातचा विसरले, म्हणून ती ओळ पुन्हा लिहावी लागली. उत्तर एकवीस अंकी येतं: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. त्या पटाला ६४ ऐवजी ६७ घरं असती, तर सगळे दाणे मिळून बरोबर ही संख्या झाली असती. म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. गणितात तिला एम-६७ म्हणतात, आणि ती संयुक्त आहे, हे तुम्ही आत्ता स्वतःच्या हातांनी सिद्ध केलंत.

या संख्येची एक गोष्ट गणिताच्या विद्यार्थ्यांमध्ये फार फिरते. तारीख ३१ ऑक्टोबर १९०३, ठिकाण न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. कोलंबिया विद्यापीठाचा फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी जातो. एक शब्द न बोलता २ चा ६७ वा घात काढतो, त्यातून १ वजा करतो. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला वरच्या दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार करतो. दोन्ही उत्तरं जुळतात. कोल खडू ठेवून जागेवर जाऊन बसतो आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. पुढे कधीतरी कोणीतरी त्याला विचारतं, हे अवयव शोधायला किती वेळ लागला? तो म्हणतो, तीन वर्षांचे रविवार.

मीही ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. इतकंच काय, माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात ती घातली होती. माझा विषय एकोणिसाव्या शतकातली मराठी अंकगणिताची पाठ्यपुस्तकं. त्याचा कोलशी तसा काही संबंध नाही, पण सुरुवात आकर्षक हवी ना! दुसऱ्या परिच्छेदात ते सुप्रसिद्ध वाक्य होतं, जे तुम्हीही लिहाल किंवा एव्हाना लिहिलंही असेल: ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.’

समितीतल्या एका बाईंनी दोनच प्रश्न विचारले. पहिल्या परिच्छेदावर: ‘हे कुठे वाचलंस?’ आणि दुसऱ्यावर: ‘झालेलं नाही, की तुला सापडलं नाही?’

दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. सिनॉप्सिस परत आला. त्यानंतरचे काही आठवडे मी एम-६७ च्या मागे घालवले. थोडं चिडून, हे कबूल करते. पण बाईंचे दोन्ही प्रश्न या एकाच संख्येच्या इतिहासात इतके नेमके बसतील असं वाटलं नव्हतं.

आधी मागे जाऊ. १६४४ साली पॅरिसमधला एक धर्मगुरू, मारँ मर्सेन, एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहितो की २ चा अमुक घात वजा १ ही संख्या घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असताना मूळ असते, आणि २५७ पर्यंतच्या बाकी घातांकांना संयुक्त. ही यादी चुकीची आहे. ६७ आणि २५७ तिच्यात नकोत. ६१, ८९ आणि १०७ हवेत, ते नाहीत. ६७ हा ६१ चा छापखान्यातला घोटाळा असावा असा तर्क काहींनी केला आहे, पण तो तर्कच. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळ पुरणार नाही, असंही मर्सेननेच म्हटलं आहे. मग यादीतले मोठे घातांक त्याने कशाच्या बळावर लिहिले? एम-६७ ला अवयव सापडत नव्हता एवढं खरं. सापडत नाही, म्हणून नाही. माझ्या दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य मी असंच लिहिलं होतं.

मर्सेननंतर २३२ वर्षांनी, १८७६ मध्ये, एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने जाहीर केलं की एम-६७ मूळ नाही. (हनोईचा मनोरा हे कोडंही त्याचंच.) मजा अशी, की एकही अवयव त्याच्या हातात नव्हता.

इथे थांबा, कारण लोकप्रिय गोष्टीत हा भाग एका वाक्यात उरकतात किंवा गाळतातच. कोलने मर्सेनचा अडीचशे वर्षांचा समज मोडला, असं तुम्ही वाचलं असेल. समज मोडणारा कोल नव्हता. पण अवयव न शोधता संख्या संयुक्त आहे हे कळतं तरी कसं?

ल्युकाच्या कल्पनेचं आज वापरलं जाणारं सुटसुटीत रूप डी. एच. लेमरने १९३० च्या सुमारास दिलं. छोट्या संख्येवर करून बघू. घातांक ११ घ्या, म्हणजे संख्या २०४७. सुरुवात ४ पासून. प्रत्येक पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि २०४७ ने भागून बाकी ठेवायची. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. मग १९४. मग ३७६३४ ला भागून बाकी ७८८. पुढे ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. घातांक ११ असेल तर ४ नंतर ११ वजा २, म्हणजे नऊ पायऱ्या. नियम असा, की संख्या मूळ असेल तर शेवटी शून्य यायलाच हवं. इथे १७३६ आलं. खेळ संपला, २०४७ संयुक्त आहे. ती २३ × ८९ आहे हे या आकडेमोडीत कुठेही दिसत नाही. आता हेच १२७ वर करा, घातांक ७, पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. मूळ.

ल्युकाने हिशेब याच रूपात मांडला नव्हता, पण गाभा हाच. ‘अवयव सापडला नाही’ हे ज्ञान नाही, तो फक्त आपल्या शोधाचा अहवाल आहे. ‘शेवटी शून्य आलं नाही’ हे मात्र ज्ञान आहे. दोन्ही वाक्यांत ‘नाही’ आहे म्हणून ती सारखी वाटतात.

मग प्रश्न उरतो की ल्युकाने निकाल दिलेलाच होता, तर सत्तावीस वर्षांनी कोलच्या गुणाकाराचं एवढं कौतुक कशाला?

२०४७ चं उदाहरण करताना माझी पहिल्या खेपेला चूक झाली होती. २८२ च्या जागी भलतंच काहीतरी आलं, आणि शेवटची बाकीही अर्थातच शून्य आली नाही. निष्कर्ष? संयुक्त! निष्कर्ष बरोबर, गणित चूक. या चाचणीची खोच इथे आहे. हाताने केलेल्या लांबलचक आकडेमोडीत कुठेतरी चूक झाली, तर शेवटी शून्य चुकून येणं जवळपास अशक्य, पण शून्य न येणं अगदी सोपं. म्हणजे ‘मूळ आहे’ हा निकाल चुकीच्या गणितातून सहसा निघत नाही, ‘संयुक्त आहे’ हा मात्र सहज निघतो. एम-६७ साठी आजच्या रूपातल्या चाचणीत ६५ पायऱ्या लागतात, प्रत्येकीत एकवीस अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग आणि मग भागाकार. तुमचा ल्युकावर विश्वास असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ६५ पायऱ्या स्वतः करा.

कोलने दिलं ते वेगळंच. त्याच्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही. तुम्ही अर्ध्या तासापूर्वी जो गुणाकार केलात तो १९०३ चा कुठलाही कारकून तपासू शकला असता. (आणखी झटपट तपासणी हवी? दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करा, दोन्हीकडे १ येतो. उत्तराच्या अंकांचीही करा. १ च. एवढ्याने सिद्ध काही होत नाही, पण हातचा चुकला असेल तर बहुतेक वेळा पकडला जातो.) पुढे संगणकांवर अशा चाचण्या सुरू झाल्या तेव्हाही ही अडचण सुटली नाही. एकाच संख्येची चाचणी दोनदा, स्वतंत्रपणे करायची आणि शेवटच्या बाक्या जुळतात का बघायचं, ही पद्धत त्यातूनच पडली.

आता पहिला प्रश्न. हे कुठे वाचलंस?

शोधत गेल्यावर बहुतेक सगळे धागे एका माणसाकडे जातात: एरिक टेंपल बेल. गणितज्ञांच्या चरित्रांचं त्याचं ‘मेन ऑफ मॅथेमॅटिक्स’ (१९३७) आजही वाचलं जातं. कोलची गोष्ट त्याने १९५१ च्या एका पुस्तकात सांगितली. म्हणजे घटनेनंतर ४८ वर्षांनी, आणि कोल १९२६ मध्ये वारल्यानंतर २५ वर्षांनी. १९०३ मध्ये बेल विशीचा होता आणि कॅलिफोर्नियात शिकत होता. तो त्या सभागृहात असणं कठीण. पुढे त्याने कोलंबियातून १९१२ मध्ये पीएचडी घेतली, आणि रविवारांचं उत्तर कोलने आपल्याला १९११ मध्ये दिलं असं तो सांगतो. हे शक्य आहे, तो तेव्हा तिथेच होता. म्हणजे एकाच गोष्टीतले दोन तुकडे वेगळ्या दर्जाचे आहेत. रविवारांचा तुकडा त्याने स्वतः ऐकलेला, मौनाचा आणि टाळ्यांचा फार तर दुसऱ्याकडून आलेला. शिवाय बेलला रंग भरायची सवय होती. गाल्वाच्या मृत्यूवरचं त्याचं प्रकरण पुराव्यांशी किती जुळत नाही, हे टोनी रॉथमनने १९८२ मध्ये दाखवून दिलं आहे.

मग कोलचा स्वतःचा लेख उघडला. सोसायटीच्या बुलेटिनच्या दहाव्या खंडात, पान १३४ ते १३७, चारच पानं. शीर्षकाचा अर्थ ‘मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी’. शीर्षकात एम-६७ नाही! मला खरा धक्का तिथे बसला. कोलला सांगायची होती ती पद्धत.

पद्धतीचा अंदाज यावा म्हणून थोडं गणित. एम-६७ चा कुठलाही मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो, हे जुनं ज्ञान. १९,३७,०७,७२१ मधून १ वजा करून १३४ ने भागा, बरोबर १४,४५,५८० येतात. म्हणजे एकेक करत गेलं तर साडेचौदा लाख उमेदवारांनंतर पहिला अवयव. दुसरी चाळणी अशी: २ चा ६८ वा घात, म्हणजे एका पूर्ण वर्गाला, एम-६७ ने भागलं तर बाकी २ उरते. त्यावरून कळतं की अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. उमेदवार निम्म्यावर, सव्वासात लाखांच्या आसपास. एका भागाकाराला पाच मिनिटं आणि रविवारी आठ तास धरले, तर साडेसात हजार रविवार होतात. एकशे चव्वेचाळीस वर्षं. उमेदवारांतल्या फक्त मूळसंख्या घ्याव्यात, तर त्या काळचे छापील तक्ते नव्वद लाखांपर्यंतच पोचत होते, आणि आपला अवयव एकोणीस कोटींच्या पुढे.

पण जी युक्ती २ वर चालली ती इतर बाक्यांवरही चालते. एखाद्या पूर्ण वर्गाला एम-६७ ने भागून छोटी, हाताळता येईल अशी बाकी मिळाली, की तिच्यामुळे उरलेले उमेदवार पुन्हा साधारण निम्मे होतात. अशा सहा स्वतंत्र बाक्या शोधल्या की सव्वासात लाखांचे अकरा-बारा हजार. पाच मिनिटांच्याच हिशेबाने सुमारे १२० रविवार. तीन वर्षांत रविवार असतात १५६. हा हिशेब माझा आहे, कोलचा नाही, आणि भागाकाराची पाच मिनिटं मी स्वतःच्या वेगावरून धरली आहेत. पण कोलच्या लेखातलं हत्यार याच जातीचं आहे, आणि या हत्याराने तीन वर्षांचे रविवार हा आकडा अगदी शक्यतेतला ठरतो. त्याच्याशिवाय तो थापच ठरला असता.

आणि मौन? तासभर चाललेलं व्याख्यान, असंही काही ठिकाणी लिहितात. तुमचा गुणाकार किती वेळ चालला? पद्धतीवर चार पानं लिहिणारा माणूस सभेत पद्धतीबद्दल चकार शब्द काढत नाही, हे मला जरा जड जातं. पण सावध राहायला हवं. तो फळ्यावर खरंच गप्प उभा राहिला असेल आणि सांगायचं ते लेखावर सोडलं असेल, असंही होऊ शकतं. कोल त्या काळात सोसायटीचा सचिव होता आणि बुलेटिनच्या संपादनातही होता. आपल्याच टाळ्यांची नोंद त्याने केली असती का? छापील पानावर टाळ्या नाहीत, एवढ्यावरून टाळ्या पडल्याच नाहीत म्हणणं म्हणजे पुन्हा मर्सेनचीच चूक. या गोष्टीसाठी ल्युकाची चाचणी माझ्याकडे नाही. म्हणून मी आता एवढंच लिहिते: ‘बेलने १९५१ मध्ये सांगितल्यानुसार’. वाक्य थोडं बेचव होतं. होऊ दे.

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं आणि तिचे अवयव शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे ल्युका आणि कोल यांच्या मधल्या सत्तावीस वर्षांत दिसतं. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी पहिल्या कामासाठी एक अशी रीत दिली की संख्येचे अंक वाढले तरी तिचा वेळ हाताबाहेर जात नाही, आणि उत्तरही पक्कं मिळतं. दुसऱ्या कामासाठी साध्या संगणकांवर चालणारी तशी रीत आजही कोणाकडे नाही. मधलं अंतर कधीकधी फार लांबतं. चौदावी फर्मा संख्या, म्हणजे २ चा १६,३८४ वा घात अधिक १, संयुक्त आहे हे १९६३ मध्ये कळलं. तिचा पहिला अवयव हाती लागला २०१० मध्ये. विसावी फर्मा संख्या ३,१५,६५३ अंकी आहे. ती संयुक्त असल्याचं १९८७ मध्ये सिद्ध झालं. अवयव? एकही माहीत नाही. चोविसावी त्याहून मोठी, पन्नास लाखांहून जास्त अंकांची. तिचीही तीच गत.

माझ्या सिनॉप्सिसचा दुसरा परिच्छेद आता असा सुरू होतो: ‘पुढील चार ग्रंथालयांच्या सूची आणि पुढील नियतकालिकांचे उपलब्ध अंक पाहिले असता...’ आणि मग यादी. यादी करताना एका जुन्या मासिकात माझ्याच विषयावरचा एक लेख निघाला. सहा पानांचा, बराच चांगला. म्हणजे ते सुप्रसिद्ध वाक्य खोटंच होतं. समितीची पुढची बैठक पंधरा दिवसांवर आहे; त्या लेखाचं काय करायचं हे अजून ठरवायचंय, कारण माझ्या तिसऱ्या प्रकरणातला निम्मा मुद्दा त्यात आधीच आलाय.

तुमचा गुणाकार जुळला का? नसेल तर ७०० ने गुणायची ओळ तपासा. माझा हातचा तिथेच सुटला होता.